दोराचं दुसरं टोक

लुलवाने टॅबलेटवर समुद्र सुरू केला आणि बू हिलालने डोळे न उघडताच म्हटलं, "बंद कर ते."

"काका, लाटा आहेत. ह्याने मन शांत होतं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच. अभ्यास झालेत त्यावर."

"ज्याने ह्या लाटा भरून घेतल्या तो न्हाणीघरात बसला होता. ना वारा, ना दोर करकरतोय, ना कुणी ओकतंय. अगं, माझा मामा असल्याच आवाजाखाली गेला आणि वर आला तो नुसता दोर. त्यावर तू मला झोपवायला निघालीस?"

लुलवाने लाटा बंद केल्या. सत्तावीस वर्षांची पोर. परदेशात दोन वर्षं संगीतोपचार शिकून आलेली, खांद्याला ऊदवाद्याची पिशवी, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, आणि पाचव्या मजल्यावरची ही तिची पहिलीच नोकरी. सोमवारी आणि बुधवारी दुपारी, अर्धा तास, दार लोटून, हळू आवाजात वाजवायची तिला परवानगी होती. त्या मजल्यावर बरं होऊन घरी जायला कुणी येत नसे. उरलेले दिवस जरा सुखाचे जावेत, एवढंच तिचं काम. पण सात नंबरच्या खाटेवरचा हा म्हातारा सुखाचं नाव काढलं की अंगावर यायचा.

मुहर्रक बेटावरचा सालमीन बिन फरहान. मुलाच्या नावाने सगळे बू हिलाल म्हणत. मोत्यांच्या होडीवर गाणारा माणूस म्हणजे नहाम, आणि बू हिलाल नहामाचा मुलगा, स्वतः नहाम. नहाम बुडी मारत नाही, दोर ओढत नाही, भात रांधत नाही. तो गातो, आणि तो गायल्याशिवाय होडीवरचा एक दोर हलत नाही. बू हिलालला मिसरूड फुटलं तेव्हा शेवटच्या होड्या निघत होत्या. चार मोसम तो बापाशेजारी उभा राहून गायला, मग मोत्यांचा धंदाच बसला. पुढे पस्तीस वर्षं तेलाच्या कारखान्यात वेल्डिंग केलं, आणि दर गुरुवारी मुहर्रकच्या गाण्याच्या घरात जुनी मंडळी मातीच्या घागरी बडवत जमायची तिथे आवाज लावला. आता फुफ्फुसं वाळून कडक झाली होती. नाकात प्राणवायूची नळी होती. डॉक्टर बुथैनाने सांगितलं होतं, बोलणं कमी, गाणं तर अजिबात नाही. त्यावर तो म्हणाला होता, "मग मला जिवंत कशाला ठेवलंय, खाट दाबून धरायला?"

त्याचा हिलाल कॅनडात होता. शुक्रवारी फोन करायचा.

आठ नंबरच्या खाटेवर हाजी मकी होता. कर्राना गावचा शेतकरी. खजुरीची झाडं, मुळे, कोथिंबीर, एवढ्यावर आयुष्य काढलेला. त्याचं दुखणं हाडांत उतरलं होतं. कंबरेला आणि पाठीला हात लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि हात तर लावावाच लागे, कारण पाठीवर जखम झाली होती. दुपारी तीनला त्याला कुशीवर वळवायचं, जखम धुवायची, पट्टी बदलायची. ते सोसवत नाही म्हणून आधी जादा सुई. सुई दिली की हाजी मकी झोपायचा तो थेट सहानंतरच्या, दिवसमावळतीच्या मगरिबच्या अजानीपर्यंत.

आणि भेटायची वेळ होती चार ते सहा.

चारच्या ठोक्याला त्याची बायको यायची. उम्म अली, बुटकी, काळी अबाया, एका हातात कॉफीचा थर्मास आणि दुसऱ्या हातात खजुरांचा डबा. भाचा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात कामाला. तीनला त्याची पाळी सुटली की तो तिला गाडीतून आणायचा, त्याआधी तिला आणणारं कुणी नव्हतं. ती झोपलेल्या नवऱ्याशेजारी दोन तास बसायची, त्याचा पंजा हातात घेऊन. सहा वाजता उठायची आणि न उघडलेला डबा बू हिलालच्या उशाशी ठेवायची.

"खा, भाऊ. त्याच्याच झाडाचे आहेत."

पहिले दोन दिवस बू हिलालने खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्याच्या घशाखाली उतरेनात. नवरा तिथे मेल्यासारखा पडलाय आणि आपण त्याच्या झाडाचा खजूर चघळतोय, ह्याची त्याला लाज वाटली.

"उम्म अली, रोज कशाला येतेस? तो तर झोपलेला असतो."

तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं, मग सैल केलं, परत घट्ट केलं. "मला त्याच्याकडून मोकळं व्हायचंय. बावन्न वर्षं झाली लग्नाला. किती बोलले असेन, किती वेळा पाठ फिरवून झोपले असेन. त्याने एकदा तोंडाने म्हणायला हवं, माफ केलं, मोकळी केली तुला. फोनवर नाही. माझा हात हातात घेऊन. नाहीतर मी हे सगळं घेऊन कुठे जाऊ?"

 हा रिवाज बू हिलाललाही ठाऊक होता. हजला जाताना, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, मरणाच्या दारात, माणसं एकमेकांना मोकळं करतात. त्याची बायको गेली तेव्हा तो कारखान्यात पाळीवर होता. तिला मोकळं म्हणायचं राहून गेलं, आणि तिने त्याला म्हणायचंही. पंधरा वर्षं तो खडा त्याला बोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हाजी मकी जागा असताना, त्याने विचारलं, "मुळेवाल्या, बायको रोज येते, ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे. खजूर तू खातोस, तेही ठाऊक आहे." मकीचा आवाज खोल गेला होता, पण जीभ शाबूत होती.

"मग ती सुई नको म्हण."

"एकदा म्हटलं. मग त्यांनी वळवलं. खालच्या मजल्यावरची माणसं धावत आली वर."

"पट्टीची वेळ बदलून घे."

"सिस्टर म्हणते, पट्टीवाल्यांची फेरी तीनलाच. वेळ बदलणं तिच्या हातात नाही." मकी जरा थांबला. "आणि तू कशाला नाक खुपसतोस? समुद्रावरची माणसं, सगळीकडे पाणी शिरवायची सवय."

तो बुधवार होता. तीनला सिस्टर अन्नम्मा आली, बरोबर दोन धिप्पाड मदतनीस. अन्नम्मा केरळची, तीस वर्षं इथे, म्हाताऱ्यांना बाबा म्हणायची आणि कुणाचं ऐकायची नाही. त्या दिवशी लुलवाने डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं की सुई अर्धीच द्या, मी वाजवते, बघू उपयोग होतो का. तिने ऊद काढला आणि झऱ्यासारखं काहीतरी मऊ, हळू वाजवायला घेतलं. अन्नम्माने एका बाजूने चादर धरली, मदतनिसांनी दुसऱ्या बाजूने. कुणीतरी आधी ओढलं, कुणी मागून. मकी ओरडला. ऊद वाजतच राहिला. पुन्हा एक हिसका, पुन्हा ओरडणं. वाजवता वाजवता लुलवाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"थांबा!" बू हिलाल खाटेवर उठून बसला. नळी नाकातून निसटून गळ्यात आली. "थांबा, हरामखोरांनो! मयताला न्हाऊ घालताय का? तो जिवंत आहे अजून!"

"बाबा, झोप तू," अन्नम्मा म्हणाली. "नळी लाव."

"गाण्याशिवाय ओढतात का कुणी? तीन माणसं, तीन वेळा ओढताय. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. माझ्या बापाच्या होडीवर असतात तर तुम्हाला माशांना घातलं असतं."

"काका, गाणं तर चालूच आहे की," लुलवा रडवेली होऊन म्हणाली.

"हे गाणं नव्हे, ही चादर आहे. त्याच्या तोंडावर पांघरतेस, म्हणजे तुम्हाला त्याचं ओरडणं ऐकू येऊ नये." इतकं बोलेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. अन्नम्माने नळी परत लावली, आणि उरलेली सुई मकीला दिली गेली. चारला उम्म अली आली आणि नेहमीसारखी बसून गेली.

पण लुलवा गेली नाही. तिची वेळ संपली होती, ती बू हिलालच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. अपमान झाला की काही माणसं निघून जातात, काही चिकटून बसतात. ती त्या चिकटून बसणाऱ्यांतली होती, आणि बू हिलालला ती त्या दिवशी पहिल्यांदा आवडली.

"सांगा," ती म्हणाली. "होडीवर कसं ओढतात?"

"हळू बोलू दे. श्वास पुरवून वापरायचाय." त्याने पाणी मागितलं, घोट घेतला. "खाली बुडी मारणारा. त्याच्या कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर, ओढणाऱ्याच्या हातात. वरच्याने आपल्या मनाने ओढायचं नाही. खालच्याने हिसका दिला की मगच. श्वास त्याचा, वेळ त्याची. वरच्याला हिसका कळला की नहाम हाळी देतो, सगळे मिळून ओ देतात, आणि त्या ओ वर एकदम ओढतात. एकदम. पुढे नाही, मागे नाही."

"म्हणजे ज्याला त्रास होणार, वेळ तो ठरवतो."

"तोच. तुमच्या इथे काय होतं? त्याला ठाऊक नसतं केव्हा ओढणार. त्या धाकानेच निम्मा मरतो."

 लुलवाने अन्नम्माच्या ट्रॉलीवरून पट्टीचा एक गुंडाळा उचलला, त्याचं टोक झोपलेल्या मकीच्या मनगटाला सैलसं बांधलं, आणि गुंडाळा उलगडत आणून दुसरं टोक बू हिलालच्या हातात दिलं. दोन खाटांच्या मधून पांढरा दोर ताणला गेला.

"असं?" तिने विचारलं.

बू हिलालने तो बोटांत धरून पाहिला. "असं."

डॉक्टर बुथैनाला पटवायला दुसऱ्या दिवशीची सगळी सकाळ गेली. ती म्हणाली, नेहमीचं औषध चालूच राहील, जादा सुई तयार ठेवायची, आणि मकीने तोंडाने मागितली की त्या क्षणी द्यायची. मग बू हिलालकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही गायचं नाही."

"गाणं नाही, डॉक्टरबाई. हाळी."

"त्यालाही श्वास लागतोच. तुमच्याकडे तो किती उरलाय ते मी रोज यंत्रावर बघते."

"मग बघ. पण कुठे खर्च करायचा ते मी बघतो."

ती कागदावर काहीतरी लिहून निघून गेली. नाही म्हणाली नाही.

मकीला पटवणं त्याहून अवघड. "मी काय मासा आहे, दोर लावायला? आमच्यात असली सोंगं नसतात."

"हिसका द्यायचा एवढंच काम आहे. मुळा उपटतोस तसा. तेवढं तर येतं ना?"

"मुळा उपटत नाहीत. माती सैल करून काढतात, गाढवा."

"मग आम्ही माती सैल करतो. तू हिसका दे."

मकीने छताकडे बघितलं. "चारला ती येणार," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, आणि मनगट पुढे केलं.

तीन वाजले. अन्नम्मा, दोन मदतनीस आणि चौथी लुलवा, चौघांनी चादरीची चार टोकं धरली. बू हिलालने सगळ्यांना ओ शिकवली होती. अन्नम्माने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग चर्चमध्ये गात असल्याने तिलाच ती सगळ्यांत आधी जमली.  पांढरा दोर मधोमध लोंबत होता. मकी डोळे मिटून श्वास घेत होता. एक. दोन. कुणीही ओढलं नाही. कुणी घाई केली नाही. मग दोर ताणला आणि बू हिलालच्या बोटांना हिसका कळला.

पन्नास-साठ वर्षं झाली होती खऱ्या दोराच्या हिसक्यावर हाळी देऊन. गुरुवारच्या मैफलीत दोर नसायचे, नुसती गाणी असायची. बू हिलालचं तोंड आपोआप उघडलं.

"ओढा रे भाऊ, ओढा रे दोर—"

"हेऽऽ ला!" चौघे ओरडले, आणि मकी चादरीसकट एक वीत वळला.

तो ओरडला नाही. दात ओठांत रुतवून त्याने श्वास सोडला. दोर सैल पडला. सगळे थांबले. पुन्हा हिसका.

"तळाला बसलाय खजूरचोर—"

"हेऽऽ ला!"

"चोर कोण... तूच खातोस..." मकी दातांतून बोलला, आणि त्यात त्याचा पुढचा श्वास नीट आला.

सहा हिसके लागले. पट्टी बदलताना दोनदा दोर इतका ताणला की बू हिलालच्या बोटांवर वळ उठले, पण सुई मकीने मागितली नाही. झालं तेव्हा मकी घामाने भिजला होता, बू हिलालचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, आणि एक मदतनीस, जो मघापर्यंत हसत होता, तो भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता.

चारला उम्म अली आत आली, नेहमीसारखी मान खाली. स्टुलावर बसली, पंजा हातात घेतला. पंजाने तिची बोटं दाबली.

"हाजी!" तिचा थर्मास खाली पडला. "तुम्ही जागे?"

"कॉफी सांडलीस. सवय जात नाही तुझी."

ती हसली, रडली, दोन्ही एकदम केलं. पदरासारखी अबाया तोंडाला लावली. बू हिलालने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण कान काही बंद करता येत नाहीत. थोड्या वेळाने तिने घसा साफ केला.

"हाजी, मला मोकळं करा. बोललेलं, चुकलेलं, सगळं माफ करा."

मकीने तिची बोटं आणखी घट्ट धरली.

"आज नाही," मकी म्हणाला.

"काय?"

"दमलोय. बावन्न वर्षांचं आहे, एका दमात होईल का? उद्या ये. उद्या बघू."

"अहो, उद्याचं कुणी पाहिलंय!"

"मग बघायला ये."

उम्म अलीला राग आला, असा खरा राग, की ती डबा आपटून उठली. आणि दारापर्यंत जाऊन परत आली, डबा उघडला, एक खजूर बी काढून नवऱ्याच्या तोंडात घातला. जाताना ती बू हिलालला म्हणाली, "ह्या माणसाशी संसार केलाय मी. बघितलंत ना?" तिचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

मग रोजचंच झालं. तीनला दोर, चारला उम्म अली, "मोकळं करा," "उद्या ये." लुलवा आता सोमवार-बुधवार विसरून रोज यायची. तिने घरून मातीची घागर आणली आणि ओच्या आधी तिच्यावर थाप द्यायला शिकली. शेजारच्या खोलीत दहा नंबरच्या खाटेवर असलेला एक मुका पडलेला म्हातारा भिंतीपलीकडून ओ द्यायला लागला, तेव्हा अन्नम्मा म्हणाली, हा माणूस तीन आठवडे एक शब्द बोललेला नाही.

सातव्या दिवशी खालच्या कचेरीतून साहेब आले. इस्त्रीचा पांढरा झगा, हातात कागद.

"तक्रार आहे. रुग्णांना विश्रांती हवी. संगीताला मंजुरी आहे ती मऊ, अर्धा तास, आठवड्यातून दोनदा. इथे तर आरडाओरडा चालतो. आणि घागर! घागर आणली कुणी?"

लुलवाचा चेहरा पडला. नोकरी नवी होती. बू हिलाल तिच्याकडे बघत राहिला. आता ही काय करते ते त्याला बघायचं होतं.

"मी आणली," लुलवा म्हणाली. तिने घागर उचलून छातीशी धरली. "आणि ती मी नेणार नाही. ह्या खोलीत सहा दिवस जादा सुई लागलेली नाही. कागदावर आहे सगळं, डॉक्टर बुथैनाची सही आहे. तुम्हाला बंद करायचं असेल तर तीनला या, ह्यांना वळवताना उभे राहा, आणि मग बंद करा."

"मला इतर कामं आहेत."

"आमचं हेच काम आहे," अन्नम्मा म्हणाली. तीस वर्षांत तिने साहेबांना उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बू हिलाल म्हणाला, "साहेब, विश्रांतीची तुम्हाला फार काळजी. मेल्यावर विश्रांतीच आहे, खंड पडायचा नाही. तोवर आम्हाला कामावर राहू द्या."

"जरा बाजूला व्हा," मकी खाटेवरून म्हणाला. "तुमच्या सावलीत घड्याळ दिसत नाही. तीन वाजत आलेत."

साहेब थांबले नाहीत. पण बंदीचा कागदही ठेवून गेले नाहीत.

बू हिलालला ठाऊक होतं की हे त्याला महागात पडतंय. प्रत्येक दुपारनंतर परत नीट श्वास लागायला आधी तास लागायचा, मग दोन तास, मग रात्रच जायची. डॉक्टर बुथैना आकडे दाखवायची, तो मान फिरवायचा. अकराव्या दिवशी पहाटे ताप चढला. नळी जाऊन तोंडावर प्राणवायूचा मुखवटा आला. डोळे उघडे, पण खोली पाण्याखालून दिसावी तशी हलत होती. त्याचा देह उशांवरून घसरून खाली गेला होता, छाती दबली होती. त्याला वर ओढून कुशीवर घ्यायला हवं होतं, आणि हात लावला की खोकल्याची उबळ यायची ती थांबायची नाही.

"झोपेचं औषध देऊन हलवूया," डॉक्टर हळूच म्हणाली. "कदाचित मग उठणार नाहीत. पण त्रास होणार नाही."

बू हिलालने ते ऐकलं. नको म्हणायला त्याच्याकडे आवाज नव्हता.

"त्याला विचारलंत?" आठ नंबरवरून मकीचा आवाज आला. "सिस्टर, दोर त्याच्या मनगटाला बांध. माझ्या हातात दुसरं टोक दे."

"बाबा, तू?"

"बांध म्हणतो ना."

अन्नम्माने बांधला. तिने आणि मदतनिसांनी चादर धरली. बातमी ऐकून सकाळीच धावत आलेल्या लुलवाने घागर मांडीत घेतली. बू हिलालला वाटलं, आता कोण हाळी देणार? नहाम तर मी आहे. आणि नहामाला कुणी ओढलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मग मकी गायला लागला. फाटका, खरखरीत आवाज, आणि हाळी खजुरीच्या झाडावर चढणाऱ्याची, खालच्या माणसाला टोपली सोड म्हणून सांगणारी. लांबलचक, संथ, भलत्याच ठिकाणी तुटणारी. त्यावर दोर ओढला तर होडी उलटेल. लुलवाला थाप कुठे द्यावी कळेना. मकी पुन्हा गायला, आणखी चुकीचं.

बू हिलालचा हात उठला. मुखवटा त्याने दोन बोटं वर केला.

"चुकलास," तो म्हणाला. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला. "ते झाडाचं आहे. ओच्या आधी... आखूड."

"मग दाखव," मकी म्हणाला. "मी शेतकरी. मला काय कळतं?"

"ओढा रे... भाऊ..."

"ओढा रे भाऊ," मकी म्हणाला, ह्या वेळी आखूड, सरळ. "ओढा रे दोर—"

सगळे थांबले होते. कुणी ओढलं नाही. वेळ त्याची होती. बू हिलालने श्वास शोधला, सापडेना, पुन्हा शोधला, सापडला, आणि मनगटाला हिसका दिला.

"हेऽऽ ला!"

तो वर आला. खोकला आला, पण धरून ठेवता आला. दुसरा हिसका. तिसरा. भिंतीपलीकडून दहा नंबरवाला ओ देत होता. उशा लागल्या, छाती मोकळी झाली, मुखवट्यात वाफ येऊ-जाऊ लागली. झोपेचं औषध डॉक्टरांच्या हातात तसंच राहिलं. ती म्हणाली, "आजचा दिवस तरी निभावला," आणि तिने ते ट्रॉलीवर परत ठेवलं.

त्या दुपारी मकीला वळवताना हाळी लुलवाने दिली, आणि बू हिलालने खाटेच्या दांड्यावर बोटाने ताल धरला. ती दोनदा चुकली. त्याने दोनदा डोळे वटारले.

चारला उम्म अली आली. कॉफी ओतली, नवऱ्याचा पंजा हातात घेतला.

"हाजी, मोकळं करा."

"उद्या."

"बरं," ती म्हणाली. आता ती भांडत नसे.

बू हिलाल हे बघत होता. पांढरा दोर अजून त्याच्या मनगटालाच होता, दुसरं टोक मकीच्या मुठीत. त्याला फार दमल्यासारखं वाटलं. बायकोचं राहून गेलं तसं हेही राहून जायला नको. त्याने मुखवटा वर केला.

"हाजी."

"काय?"

"तुला मुळेवाला म्हटलं. गाढव म्हटलं... तुझे खजूर खाल्ले. मला मोकळं कर."

मकीने मान वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून छताकडे बघतच बोलला.

"नाही."

"अरे, मी मरतोय."

"म्हणूनच नाही. मोकळं केलं की तू सुटलास, मग तीनला दोर कोण धरणार? ही पोर अजून चुकते." त्याने मूठ घट्ट केली, आणि दोर बू हिलालच्या मनगटाला लागला. "उद्या माग. उद्या बघू."

बू हिलालला असा राग आला की क्षणभर श्वासच सापडेना. मरत्या माणसाला नाही म्हणतो, अडेल शेतकरी! दोन शब्द तर म्हणायचे होते. उम्म अली त्याच्याकडे बघून मान डोलावत होती, बघितलंत ना, म्हणून. त्याने मुखवटा तोंडावर दाबला आणि रागाने एक मोठा श्वास घेतला, मग त्याच रागाने दुसरा.

उम्म अलीने डब्यातून एक खजूर काढला, बी काढली आणि तो त्याच्या उशाशी ठेवला. "सकाळी खा, भाऊ," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि दोराला एक हिसका दिला. पलीकडून लगेच एक हिसका आला.